खाण बंद झाल्यावरचा पैसा: दान की ऋण?



धम्माच्या पाक्षिकात कोळशाच्या खाणीचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. वंदना, वर्षावास, संस्कारविधी हे आपल्या परिचयाचे विषय. खाण, स्वामित्वधन, बँकेतली ठेव हे विषय सरकारी कचेरीतले. त्यांचा आणि धम्माचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो परलोकाची वाट दाखविण्यासाठी नव्हे. माणसाचे माणसाशी वागणे कसे असावे, हा धम्माचा मुख्य विषय आहे, हे त्यांनी पुनःपुन्हा समजावून सांगितले. म्हणून जेथे एका माणसाने दुसऱ्याचे देणे लागते आणि ते दिले जाते की नाही असा प्रश्न येतो, तेथे धम्माचा प्रश्न येतोच. तो प्रश्न कोळशाच्या धुळीत उभा असला म्हणून परका होत नाही.

दुसरेही एक कारण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूरला दिली. विदर्भाच्या या दोन्ही दीक्षाभूमी ज्या जिल्ह्यांत आहेत, त्याच जिल्ह्यांच्या पोटात कोळसा आहे. कामठी, उमरेड, सावनेर हा भाग नागपूरकडचा. बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर, सास्ती हा चंद्रपूरकडचा. आणि शेजारी यवतमाळ जिल्ह्यात वणीचा पट्टा. १९७५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीचे, म्हणजे वेकोलिचे, मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. या पट्ट्यातील कितीतरी कामगार वस्त्यांत आपले विहार आहे, आपले धम्मबांधव आहेत. त्यांच्या चुलीचा प्रश्न हा आपल्या घरचा प्रश्न आहे.

प्रश्न असा: खाण बंद पडल्यावर त्या भागातील लोकांना पुन्हा उभे करण्यासाठी सरकार जो पैसा देते किंवा कायद्याने वेगळा काढते, तो पैसा कोणत्या नात्याने दिला जातो? ते दान आहे काय? कृपा आहे काय? की ते देणे आहे? वरवर पाहता हा शब्दांचा वाद वाटेल. पण घेणाऱ्याची मान ताठ राहावी की खाली जावी, हे याच शब्दावर ठरते.

खाण बंद होते तेव्हा

खाण काही कायमची नसते. थर संपतो, पाणी भरते, आग लागते, किंवा कोळसा असूनही तो काढण्याचा खर्च विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. भूमिगत खाणींच्या बाबतीत हे शेवटचे कारण आपल्या भागात फार वेळा घडले आहे. खुल्या खाणीत यंत्रे थोड्या माणसांनी कोळसा काढतात आणि तो स्वस्त पडतो. ही गोष्ट नवीनही नाही. वरोऱ्याला इंग्रज सरकारची खाण होती. तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आणला गेला. ती खाण १९०६ साली बंद झाली आणि कोळशाचे काम बल्लारपूरकडे सरकले. म्हणजे खाण बंद होणे म्हणजे काय, हे विदर्भाला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे.

खाण बंद झाली की कायम कामगाराची बदली दुसऱ्या खाणीत होते. त्याला त्रास होतो, मुलांची शाळा बदलते, पण पगार राहतो. ठेकेदाराकडच्या मजुराला बदली नाही. त्याचे नाव कंपनीच्या पटावरच नाही, तर बदली कोणाची करणार? खाणीच्या फाटकासमोर चहाची टपरी चालविणारा, सायकल दुरुस्त करणारा, क्वार्टरमध्ये धुणीभांडी करणारी बाई, डबे पोचविणारा, भाजी विकणारी म्हातारी, या सर्वांची रोजी एकाच महिन्यात जाते. त्यांच्यासाठी कोणी नोटीस लावीत नाही. पुढे दवाखान्यातले डॉक्टर कमी होतात, पाण्याचा पंप कोणी चालवायचा याचा वाद सुरू होतो, बस बंद होते. शाळेचा पट घसरतो. पट घसरला की शिक्षक कमी होतात आणि शिक्षक कमी झाले की उरलेली मुलेही जातात. जमीन आधीच गेलेली असते. जी उरते तिच्याखाली पोकळी असते किंवा तिच्यावर मातीचे डोंगर असतात. विहिरीचे पाणी पूर्वीच खोल गेलेले असते.

नागपूरकरांनी हे दुसऱ्या रूपात पाहिले आहे. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये आपल्या कित्येक घरांतील आजे-पणजे राबले. मिल बंद पडली तेव्हा मिलच्या भिंतीबरोबर कामगार वस्त्यांतील दुकाने, आखाडे, वाचनालये यांचाही आधार गेला. फरक इतकाच की शहरात दुसरे काही काम शोधता येते. खाणीच्या गावात खाणीशिवाय दुसरे काही उभेच राहू दिलेले नसते.

तीन आक्षेप

अशा गावासाठी पैसा मागितला की तीन आक्षेप येतात. ते तपासले पाहिजेत, कारण ते आपल्याच माणसांच्या तोंडूनही ऐकू येतात.

पहिला आक्षेप: कामगाराला मजुरी मिळाली, जमीनवाल्याला मोबदला मिळाला, व्यवहार संपला, आता सरकारने आणखी का द्यावे? याचे उत्तर असे की मजुरी ही त्या दिवसाच्या श्रमाची किंमत होती. गावाची नदी, विहीर, कुरण, हवा आणि दुसरा धंदा करण्याची शक्यता, यांची किंमत त्या मजुरीत धरलेली नव्हती. पुन्हा हा व्यवहार दोन खासगी माणसांमधला नव्हता. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. कोठे खणायचे, किती खणायचे आणि कधी थांबायचे, हे देशाच्या गरजेप्रमाणे ठरू लागले. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांनी त्या कोळशावर वीज केली आणि ती राज्यभर गेली. धरमपेठेतल्या शाळेत पंखा फिरतो आणि मुले सावलीत बसून गणित सोडवितात, त्यात सिल्लेवाड्याच्या किंवा सास्तीच्या माणसाचा वाटा आहे. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकविला: हे असल्यामुळे ते होते. आपल्या उजेडाचे कारण कोठेतरी अंधारात राबत होते, हे ज्याला कळले, तो व्यवहार संपला असे म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप नशिबाचा. ज्याचे त्याचे कर्म, मागच्या जन्मीचे भोग. धम्मदीक्षा घेतलेल्या घरात हा शब्द उच्चारलाच जाऊ नये. गरिबीचे मूळ मागच्या जन्मात दाखविणारी शिकवण ही गरिबाला गप्प बसविण्याची आणि श्रीमंताला दोषमुक्त करण्याची युक्ती आहे, हे बाबासाहेबांनी स्पष्ट केले आहे. खाण बंद झाली ती थर संपल्यामुळे किंवा हिशेब न जुळल्यामुळे. गाव उघडे पडले ते आधी कोणी तयारी न केल्यामुळे. ही कारणे याच जन्मातली आहेत, माणसांनी घडविलेली आहेत, म्हणून माणसांनी दुरुस्त करण्याजोगी आहेत.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि तो बौद्ध भाषेत येतो. सर्व काही अनित्य आहे, खाणही अनित्य, मग शोक कशाला आणि मागणी कशाला? धम्मबंधूंनो, अनित्यतेचा असा अर्थ लावणे म्हणजे औषधाच्या बाटलीने डोके फोडण्यासारखे आहे. वस्तू टिकणार नाही हे जर ठाऊकच होते, तर तिच्या शेवटाची तयारी करण्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. पावसाळा येणार हे माहीत असलेला शेतकरी घर आधी शाकारतो; पाऊस अनित्य आहे म्हणून तो छपराला भोक ठेवीत नाही. पहिल्या दिवशी खाणीचा नकाशा काढतानाच कोळसा किती आणि तो किती वर्षे पुरेल, याचा अंदाज बांधलेला असतो. शेवट माहीत असून तयारी न करणे याला अनित्यतेचे ज्ञान म्हणत नाहीत. त्याला प्रमाद म्हणतात, आणि तथागतांनी अप्रमादाचा उपदेश केला.

दोन राजांच्या कथा

सरकारने लोकांना काय द्यावे, याविषयी तथागत गप्प नव्हते. दीघनिकायातील दोन सुत्ते नवदीक्षित कुटुंबांनी जरूर समजून घ्यावीत.

कूटदन्त सुत्तात महाविजित नावाच्या राजाची कथा आहे. राजाला मोठा यज्ञ करावयाचा होता. त्याच्या पुरोहिताने सांगितले की राज्यात चोऱ्या-दरोडे चालू आहेत; अशा वेळी नवा कर बसविणे चुकीचे, आणि चोरांना मारून-बांधून हा उपद्रव संपेल असे समजणेही चुकीचे. त्यापेक्षा जे शेती व गुरे सांभाळतात त्यांना बी-बियाणे आणि चारा द्यावा, व्यापार करतात त्यांना भांडवल द्यावे, राज्याची सेवा करतात त्यांना पुरेसे वेतन द्यावे. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामाला लागले, उपद्रव थांबला आणि माणसे दारे उघडी ठेवून झोपू लागली. येथे राजाने भाकरीचे तुकडे वाटले नाहीत. ज्याच्या हाताला जे साधन हवे ते दिले.

दुसरी कथा चक्कवत्ति सीहनाद सुत्तातील. एका राजाने राज्याचे रक्षण केले, पण दरिद्री लोकांना धन दिले नाही. दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी निपजली. पहिला चोर पकडून आणला तेव्हा तो म्हणाला, मला जगता येत नाही. राजाने त्याला धन दिले. ते ऐकून इतरही चोरी करू लागले. मग राजाने शिरच्छेद सुरू केला. तेव्हा लोकांनीही शस्त्रे उचलली. पुढे खोटे बोलणे, हिंसा, द्वेष असे एकामागून एक दोष समाजात शिरले. या कथेत तथागतांनी चोराला मोकळे सोडलेले नाही आणि राजालाही सोडलेले नाही. पहिली चूक राजाची. वेळेवर द्यायचे ते त्याने दिले नाही. नंतर भिऊन दिले, आणि मग रागाने मारले.

खाणीच्या भागात ढिगाऱ्यावरचा कोळसा वेचून सायकलवर पोती लादून नेणारी माणसे सर्वांनी पाहिली आहेत. कागदावर ती चोर आहेत. पंचशीलातील दुसरे शील त्यांनाही लागू आहे, यात शंका नाही. पण आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकाही आहे. ज्याची आजीविकाच काढून घेतली त्याला केवळ शील शिकविणे म्हणजे त्या राजाने रक्षक नेमून धन न देण्यासारखे आहे. शील व्यक्तीने पाळायचे आणि शील पाळता येईल अशी परिस्थिती राज्याने ठेवायची, अशी ही दोन्हीकडची जबाबदारी आहे.

बाबासाहेबांनी काय केले

या सुत्तांचा अर्थ आधुनिक कायद्यात कसा उतरतो, हे बाबासाहेबांच्या चरित्रात दिसते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातील कोळसा खाणींना भेट देण्यास गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांची घरे पाहिली. १९४४ साली कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर बसवावा आणि तो पैसा मजुरांची घरे, पाणी, दवाखाने, शिक्षण यांवर खर्च व्हावा, अशी ती योजना होती. १९४७ साली तिचे कायद्यात रूपांतर झाले. खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती-लाभाचा कायदाही त्यांच्याच कारकिर्दीत सुधारला गेला.

या योजनेतील नैतिक विचार पाहा. मालकाने दयाळू व्हावे, सणाला कपडे वाटावेत, असे बाबासाहेबांनी म्हटले नाही. कोळसा जितका बाहेर जाईल तितका पैसा कायद्याने निधीत पडेल, असे केले. दया ही देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. उपकर हा टनावर अवलंबून असतो. ज्या समाजाने शतकानुशतके शिळ्या भाकरीसाठी दारोदार हात पसरला आणि त्या हातावर अपमानही झेलला, त्या समाजात जन्मलेल्या माणसाला हा फरक पुस्तकातून शिकावा लागला नाही. तो कल्याण निधीचा कायदा १९८६ साली रद्द झाला आणि त्या सोयी कंपन्यांकडे गेल्या. पण कोळशाच्या प्रत्येक टनात राबणाऱ्याचा हक्काचा भाग असतो, हे तत्त्व रद्द झालेले नाही.

आजचे तीन पैसे

आज तीन प्रकारचा पैसा आहे आणि तो वेगवेगळा ओळखता आला पाहिजे.

पहिला, खाण बंद करण्याचा पैसा. केंद्र सरकारच्या कोळसा मंत्रालयाने २००९ साली नियम केले की प्रत्येक खाणीची बंद करण्याची योजना आधीच तयार असावी आणि तिच्यासाठी कंपनीने एस्क्रो खात्यात पैसे भरावेत. एस्क्रो खाते म्हणजे कंपनीला स्वतःच्या मर्जीने काढता येणार नाही अशी बँकेतील बांधलेली ठेव. कोळसा नियंत्रकाच्या संमतीशिवाय ती सुटत नाही. त्या वेळी दर होता खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये आणि भूमिगत खाणीला हेक्टरी १ लाख; पुढे तो वाढविला गेला. खड्डे सुरक्षित करणे, ढिगारे बसविणे, झाडे लावणे ही कामे या पैशातून व्हायची. हे कंपनीचे स्वतःचे कर्तव्य आहे. ज्याने खणले त्याने बुजवावे.

दुसरा, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात असे प्रतिष्ठान उभे करण्याचे ठरले. १२ जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि नंतर लिलावाने दिलेल्यांना १० टक्के रक्कम त्यात भरावी लागते. मुलांना सांगतो तसा हिशेब मांडू. कोळशावर स्वामित्वधन शेकडा १४. म्हणजे १०० रुपयांच्या कोळशावर १४ रुपये, आणि त्याचे ३० टक्के म्हणजे ४ रुपये २० पैसे जिल्ह्याच्या निधीत. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला व बालके, वृद्ध व अपंग, कौशल्य, स्वच्छता यांना अग्रक्रम द्यावा, असे प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत सांगितले आहे. हा हक्काचा पैसा आहे.

तिसरा, देणगीचा. कंपनीचे सामाजिक काम, एखाद्या संस्थेची मदत, शिबिरे, वह्यावाटप. हे चांगले आहे, घ्यावे, आभार मानावेत.

अडचण येते ती हे तीन पैसे एकमेकांत मिसळले की. याचे सर्वांत दुःखद उदाहरण वेल्समधील अ‍ॅबरफॅन गावाचे आहे. तेथेही खाणी राष्ट्रीयीकृत होत्या. खाणीतून निघालेल्या मातीचा डोंगर गावाच्या वर रचलेला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी तो घसरून शाळेवर आला. १४४ माणसे मेली. त्यांतील ११६ लहान मुले होती. लोकांनी जगभरातून देणग्या पाठविल्या. पण गावावरचे उरलेले ढिगारे हटविण्याचा प्रश्न आला तेव्हा सरकारने त्या देणगीच्या निधीतून १,५०,००० पौंड घेतले. ज्यांची मुले गाडली गेली, त्यांच्यासाठी आलेल्या देणगीतून खाणवाल्यांचे कर्तव्य पार पाडले गेले. ती रक्कम १९९७ साली परत केली गेली, म्हणजे अन्याय झाल्याचे शेवटी मान्य झाले. पण तोपर्यंत एक पिढी गेली होती.

हे आपल्याकडे अशा भयंकर रीतीने घडेल असे मी म्हणत नाही. पण ते सौम्य रीतीने सहज घडू शकते. कंपनीने बुजवायचा खड्डा जिल्हा निधीतून बुजविला गेला, किंवा जिल्हा निधीतून व्हायचे पाण्याचे काम देणगीचा फलक लावून साजरे झाले, तर लोकांना काही मिळाल्यासारखे दिसेल आणि प्रत्यक्षात त्यांचे देणे बुडालेले असेल. म्हणून कोणते काम कोणत्या पैशातून झाले, हा प्रश्न केवळ हिशेबनीसाचा नाही. ऋण फेडून दान केल्याचा आव आणणे हे असत्य आहे, आणि चौथे शील तेथे मोडते.

सातबारा नसलेला माणूस

आता सर्वांत अवघड मुद्दा. हे देणे कोणाचे? बाधित कोण?

कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असे सूत्र होते. जमीन गेलेल्याला नोकरी मिळावी, हे न्याय्यच आहे. पण ज्याला जमीनच नव्हती त्याचे काय? विदर्भातील आपला समाज बहुतांशी भूमिहीन शेतमजूर. आपल्या आजोबांच्या नावाने सातबारा नव्हता, याचे कारण आळस नव्हता. जातिव्यवस्थेने जमीन आपल्याकडे येऊ दिली नाही. ज्या शेतात ते मजुरी करीत होते ते शेत खाणीत गेले, तेव्हा मालकाला मोबदला आणि नोकरी मिळाली. मजुराची मजुरी गेली. मग तो ठेकेदाराकडे खाणीत लागला. खाण बंद झाली तेव्हा पुन्हा त्याचे नाव कोठेच नव्हते. म्हणजे एकाच माणसाचे दोनदा नुकसान झाले आणि दोन्ही वेळा कागदाने सांगितले की हा बाधित नाही.

कागद खोटा नव्हता. तो अपुरा होता. जुन्या अन्यायामुळे ज्याला कागद मिळाला नाही, त्याला कागद नाही म्हणून नव्या न्यायातून वगळणे, याचा अर्थ जुना अन्याय नव्या शाईने लिहिणे असाच होतो. दुःख आहे की नाही, हे तथागतांनी जात विचारून किंवा उतारा पाहून ठरविले नाही. म्हणून खाणबंदीच्या मदतीत पहिली पाहणी मालकांची नव्हे, तर राहणाऱ्यांची आणि राबणाऱ्यांची व्हावी. या गावात दहा वर्षे कोण राहिले, कोण काय काम करून जगले, हे गावाला माहीत असते. ग्रामसभेच्या नोंदीत ते आले तर तोच त्यांचा कागद होईल.

आपण काय करावे

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे तथागतांनी सांगितले: एक उपभोगासाठी, दोन धंद्यात घालण्यासाठी आणि एक संकटकाळासाठी राखून ठेवण्यासाठी. हा नियम घराला लागू आहे तसा जिल्ह्यालाही आहे. जिल्हा खनिज निधीची एक विचित्र गोष्ट अशी की खाण चालू असते तोवर त्यात पैसा येतो आणि खाण बंद झाली की त्या खाणीचा झरा आटतो. गरज वाढते त्याच दिवशी आवक थांबते. म्हणून आवक चालू असतानाच चौथा भाग राखून ठेवला पाहिजे. योजनेच्या नियमांतही उपजीविकेसाठी अशा राखीव ठेवीची सोय आहे. ती वापरली जाते की नाही, हे आपण विचारले पाहिजे. जर्मनीने २०२० साली कोळसा सोडण्याचा कायदा केला तेव्हा मुदत २०३८ पर्यंतची ठेवली आणि कोळशाच्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद त्याच वेळी केली. शेवट आणि तयारी एकत्र जाहीर झाली. तेवढी श्रीमंती आपल्याकडे नसेल. पण आधी विचार करायला श्रीमंती लागत नाही.

आणि हा पैसा आला तर तो कशावर खर्च व्हावा? येथे आपल्याला थोडे कठोर व्हावे लागेल. खाणीच्या एखाद्या वस्तीत निधी येणार असे कळले की पहिली मागणी अनेकदा प्रवेशद्वाराची, सभामंडपाची, विहाराच्या फरशीची येते. विहाराविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण विहार आपण आपल्या वर्गणीतून बांधावे. तेच त्याचे वैभव आहे. सरकारचे ऋण वसूल होते तेव्हा ते मुलींच्या वसतिगृहात, वाचनालयाच्या पुस्तकांत, यंत्रकाम आणि विजेचे काम शिकविणाऱ्या शाळेत, बंद खाणीत साठलेले पाणी शेतीला व नळाला देण्यात, फुप्फुसाच्या तपासणीत गेले पाहिजे. महाविजित राजाने बियाणे दिले होते, तोरणे दिली नव्हती.

खाणपट्ट्यातील प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास हिशेबाला द्यावा. शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने ग्रामसभेची सूचना वाचून दाखवावी, जिल्हा निधीतून गावासाठी काय मंजूर झाले ते सांगावे, न समजल्यास माहिती अधिकाराचा अर्ज लिहावा. आपल्या वस्तीतील ठेका मजूर, विधवा, टपरीवाले, घरकाम करणाऱ्या बाया यांची यादी आपणच करावी, आणि तीत फक्त आपल्याच समाजाची नावे घालू नयेत. गोंड, मुसलमान, तेली, उत्तर प्रदेशातून आलेला भैया, जो त्या धुळीत जगला तो यादीत असला पाहिजे. हक्क मागताना जो शेजाऱ्याला वगळतो, त्याने जात सोडलेली नाही, फक्त बाजू बदलली आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले ते मागायला नव्हे, तर मोजायला आणि बोलायला. खाणीने काय घेतले ते मोजा, कायद्याने काय ठेवले ते मोजा, आणि जे उरते ते शांतपणे, कागद हाती घेऊन विचारा. ज्याचे देणे आहे त्याच्याकडे जाताना हात पसरावा लागत नाही.

जय भीम.